धुळ्यातले फुकटचे रविवार

दिवाळी उलटली की अमळनेरहून धुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. ट्रॉल्या शिगोशीग भरलेल्या असतात, वरून जाळी ताणलेली असते, तरी कडेचा प्रत्येक काटा जाता जाता चिमूटभर ओढून घेतोच. सकाळच्या उन्हात ते पांढरे पुंजके हलताना दिसले की बसमधल्या लहान मुलांना मौज वाटते. माझ्या मनात मात्र आधी येतं, की इतका हलका उडतोय म्हणजे माल कोरडा आहे. ओला असता तर ट्रॉलीतच चिकटून बसला असता. मौज वाटायचीच असेल तर ती त्यानंतर.

यंदाही बाभळी पांढऱ्या झाल्या आहेत. आणि यंदा त्यांच्याकडे बघताना कापूस कोरडा की ओला हे मनात येण्याच्या आधी मला गेल्या वर्षीचे रविवार आठवतात. माझी मुलगी हर्षाली तेव्हा बारावीत होती आणि दर रविवारी सकाळी याच रस्त्यानं धुळ्याला जात होती.

धुळ्यातल्या एका कॉलेजनं अकरावी-बारावीच्या मुलांसाठी एक योजना काढली होती. रविवारी यायचं, पदवीच्या पहिल्या वर्षाचा एखादा विषय शिकायचा, जानेवारीत परीक्षा द्यायची. पास झालं की त्या विषयाचे क्रेडिट मुलाच्या नावावर जमा होणार. पुढे पदवीला गेल्यावर तो विषय पुन्हा करावा लागणार नाही, मग मूल त्या कॉलेजात जावो की दुसऱ्या. फी नाही, परीक्षेचे पैसे नाहीत, पुस्तकंसुद्धा त्यांच्याच ग्रंथालयातली. हर्षालीनं संख्याशास्त्र घेतलं होतं. तिच्या वर्गातल्या सगळ्यांचं ठरलेलं होतं, कोणाचं इंजिनिअरिंग, कोणाचं नर्सिंग. हिला आकडे आवडायचे. पण आकडे आवडतात एवढ्याच भांडवलावर तीन-चार वर्षं त्यात घालवायची की नाही, हे तिला कळत नव्हतं. आधी करून बघते, म्हणाली. आवडलं तर तेच घेईन आणि एक विषय आधीच झालेला असेल. नाही आवडलं तर माझं काय गेलं?

ती हे जेवताना सांगत होती. तिचा चेहरा उजळला होता आणि माझा घास हातात थांबला होता. माणसं फसतात ती नेमकी याच वाक्यावर, माझं काय गेलं. मी विचारलं, ते हे फुकट का देतायत? नवीन शैक्षणिक धोरणात आहे पप्पा, ती म्हणाली. धोरण या शब्दानं मी आणखी सावध झालो. माझी बायको सुनंदा भाकरी थापता थापता म्हणाली, की फी मागितली असती तर महाग आहे म्हणाले असते, आता नाही मागत तर तेही चालत नाही. मी नाही म्हणालो नाही, एवढ्यावर त्या दोघींनी होकार धरला.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायला आहे. ग्रेडर म्हणतात. हंगाम सुरू झाला की माझ्या भुवया आणि मिशा पांढऱ्या होतात, नाकात सरकीचा तेलकट वास बसतो तो होळीपर्यंत जात नाही. शेतकऱ्याची गाडी आधी माझ्यासमोर उभी राहते. वरचा कापूस मी बघतही नाही. तो दाखवण्यासाठीच ठेवलेला असतो. मी कोपरापर्यंत हात आत घालतो, मधला मूठभर ओढून काढतो, आवळतो आणि सोडतो. कोरडा कापूस लगेच फुलून येतो, ओला मुठीचा आकार धरून राहतो. मग त्यातली एक सरकी दाताखाली. कोरडी कट्कन फुटते, ओली नुसती चेपते. ओलावा मोजायचं यंत्र आहे आमच्याकडे. मालकाचा भरवसा मात्र माझ्या दातांवर. पाणी मारून आणलेला माल, मध्ये दडवलेली कवडी, म्हणजे किडक्या बोंडांचा कापूस, खाली भरलेला मागच्या वर्षीचा पिवळा कापूस, सगळं मी पकडलेलं आहे. वजनकाट्यावर बसणारे काशिनाथ नाना माझी थट्टा करतात, "भाऊ तं देवना नारय बी हालाई पाहतस." देवापुढचा नारळही मी हलवून बघतो, असं त्यांचं म्हणणं. मला त्यात कौतुकच वाटायचं.

ही सवय संध्याकाळी जिनिंगच्या फाटकाबाहेर ठेवून घरी येता येत नाही. भाजीवाल्याच्या टोपलीत माझा हात तळाला जातो. लग्नाच्या पंगतीत आग्रह जास्त झाला की मला वाटतं, यांचं आपल्याकडे काहीतरी काम निघणार आहे. आणि घरातल्या माणसांच्या बोलण्यातही मी वरचं सोडून मधलं ओढून बघत असतो. त्यांना ते कळतं. कापसाला कळत नाही.

धुळ्याच्या कॉलेजचं मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "फुकट कसाले देतीन त्या? काहीतरी शे. पोरना कागद अडकाई ठेवतीन, मंग बठ्ठं शिक्षण तठेच करनं पडी." दहावीचं मूळ गुणपत्रक ठेवून घेतात आणि मग पोराला दुसरीकडे जाता येत नाही, असं त्यांनी कुठं तरी ऐकलं होतं. माझी खात्री पटायला तेवढं पुरेसं होतं. एका शिबिरात फुकट डोळे तपासले तेव्हा चष्मा त्यांच्याचकडून घ्यावा लागला होता. एका क्लासनं फुकट चाचणी घेतली आणि पुढे वर्षभर एका गोड आवाजाच्या बाईचे फोन येत राहिले, तुमची मुलगी किती हुशार आहे हे सांगणारे. मी घरी येऊन विचारलं, मूळ कागद मागितले का? नाही, हर्षाली म्हणाली, झेरॉक्स. मग मला वाटलं, आत्ता झेरॉक्स, मूळ नंतर मागतील.

त्या रविवारांच्या सकाळी अजून नाकाशी येतात. स्वयंपाकघरात ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरीचा वास, तव्यावर शेंगदाण्याचा ठेचा. हर्षालीचे ओले केस, त्यावरून घेतलेला माझा जुना मफलर. स्टँडवर धुकं आणि डिझेलचा धूर एकमेकांत मिसळलेले. तिची मैत्रीण पूनम आधीच येऊन जागा धरून बसलेली. त्या दोघी एकच खिडकी वाटून घ्यायच्या, निम्म्या वाटेपर्यंत एक, पुढे दुसरी. बायकांना अर्धं तिकीट असतं, त्यामुळे जाण्यायेण्याचाही फार भार नव्हता. सगळं इतकं बिनबोभाट चाललेलं पाहून मला बरं वाटायला हवं होतं.

उलट मी बारीकसारीक तपासणी सुरू केली. आज काय शिकवलं, असं विचारायचं आणि मग दोन दिवसांनी तेच वेगळ्या शब्दांत विचारायचं, उत्तर तेच येतं का बघायला. दुपारी फोन करून मागचे आवाज ऐकायचे. एकदा मी त्या गाडीच्या कंडक्टरला चहा पाजला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या दोन मुली दर रविवारी धुळ्यालाच उतरतात ना, आणि त्यांना घ्यायला कोणी येतं का. तो बिचारा म्हणाला, नाही हो भाऊ, पोरी सरळ कॉलेजच्या रस्त्याला लागतात.

मी सगळ्यांना सांगत होतो की माझा संशय कॉलेजवर आहे. पण कॉलेजवर संशय असलेला माणूस कंडक्टरला असले प्रश्न विचारत नाही. हे आज मला लिहिता येतं. तेव्हा मी स्वतःलाही ते सांगितलं नव्हतं.

डिसेंबरात वांगी आली. आमच्याकडची ती हिरवी, हातभर लांब, पातळ सालीची वांगी. थंडीत खानदेशात कुणी कुणाला जेवायला बोलावत नाही, भरताला बोलावतात. जिनिंगच्या लोकांचं दर हंगामात एका रविवारी बोरी नदीकाठच्या शेतात भरीत असतं. त्या दिवशी खरेदी बंद होती. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ केला होता, वांगी त्यात काळी पडत होती, साल फुटून वाफ सुटत होती, मिरच्या भाजल्यानं सगळे खोकत आणि हसत होते. कुणीतरी विचारलं, पोरगी कुठे आहे, ती भरीत सोडायची नाही. धुळ्याला, मी म्हणालो. रविवारी? त्यानं विचारलं, आणि वांगं उलटायला वळला. त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात होतं. मी पुरी हातात घेऊन उभा राहिलो आणि मग ती तशीच पानावर ठेवून मोटरसायकलला किक मारली. नाना मागून ओरडले, अहो भाऊ, जेवून जा. मी वळून पाहिलं नाही.

धुळ्यात पोहोचलो तेव्हा दुपार टळत होती. कॉलेजचं फाटक अर्धवट उघडं होतं, पहारेकरी नव्हता. पटांगणात लिंबाची पानं पडलेली. मुख्य इमारतीच्या दाराला कुलूप होतं.

त्या कुलपापाशी मला थांबायला हवं, कारण हा लेख त्याच्यासाठीच लिहितो आहे. बापाच्या छातीत त्या क्षणी भीतीनं धस्स व्हायला हवं होतं. माझंही झालं. पण ते नंतर झालं. त्याच्या आधी, अगदी निमिषभर, मला समाधान वाटलं. बघा, मी म्हणत होतो. पोर परगावी आहे, वर्ग भरलेला नाही, ती कुठे आहे ठाऊक नाही, आणि तिच्या बापाला आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद झाला. मी तो आनंद ओळखतो. गाडीतून ओली मूठ निघाली की शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघताना जो होतो, तोच.

मग मागच्या बाजूनं हसण्याचा आवाज आला. वर्ग मागच्या बैठ्या इमारतीत होता. खिडकीतून पाहिलं तर मुलं एका टेबलाभोवती उभी होती आणि टेबलावर हरभऱ्याचा मोठा ढीग, लाल आणि पांढरे काबुली मिसळलेले. एक मुलगा डब्यातून चिठ्ठी काढून आकडा वाचत होता. ढिगाभोवती खडूनं रकाने आखले होते, त्या आकड्याच्या रकान्यातूनच मूठ भरायची. हर्षालीनं मूठ भरली, पालथी केली आणि पूनमबरोबर लाल किती, पांढरे किती ते वेगळे करू लागली. मधेच ती एका मुलाला म्हणाली, तुझ्या आवडीच्या जागेवरून नाही घ्यायचं, चिठ्ठीतल्या जागेवरून घे, म्हणूनच तर चिठ्ठी आहे. सगळे हसले. मी तिला घरी इतक्या मोकळेपणानं कोणाला टोकताना ऐकलं नव्हतं.

मला मात्र दिसलं ते एवढंच, की बारावीच्या वर्षात पोरं रविवार घालवून हरभरे मोजतायत.

मी आत गेलो. शिकवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या होत्या, चष्मा कपाळावर. हर्षालीनं मला पाहिलं आणि तिच्या हातातले हरभरे टेबलावर सांडले. मी मॅडमना नमस्कार केला आणि तिथंच, मुलांसमोर, एकामागून एक विचारत गेलो. कागद कुठले ठेवता. क्रेडिट दुसरं कॉलेज धरेल याची हमी कोण देणार. त्या शांतपणे उत्तरं देत होत्या. कागद ठेवत नाही. क्रेडिट सरकारी खात्यात मुलाच्या नावावर जातात, आमच्याकडे राहत नाहीत. शेवटी मी विचारलं, "मॅडम, यात तुमचा फायदा काय?"

"आहे ना," त्या म्हणाल्या. "आमच्या पहिल्या वर्षाचे बाक रिकामे राहतात. यातल्या काही मुलांना इथं आवडलं आणि ती आली, तर आम्हाला हवंच आहे. नाही आली तरी क्रेडिट त्यांचेच."

दाताखाली सरकी चेपली. सापडलं. मी म्हणालो, म्हणजे गिऱ्हाईक गोळा करताय. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. त्या काही बोलणार होत्या, पण मी थांबलो नाही. हर्षालीला म्हटलं, दप्तर घे. पूनम खाली मान घालून हरभरे वेगळे करत राहिली.

परतीच्या वाटेवर हर्षालीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. मागची लोखंडी दांडी धरून बसली होती. समोरून कापसाच्या दोन ट्रॉल्या एकदम आल्या म्हणून मी गाडी कडेला घेतली, तशी ती खाली उतरली. धूळ खाली बसेपर्यंत ती कडेला उभी राहिली.

"मॅडमनी खरं सांगितलं म्हणून तुम्ही त्यांना लबाड ठरवलंत," ती म्हणाली. "खोटं सांगितलं असतं तर तुम्हाला काही सापडलंच नसतं."

मी म्हणालो, तुला व्यवहार कळत नाही अजून.

"पप्पा, तुम्ही जिथं संशय येतो तिथंच हात घालता. मग हाताला ओलंच लागणार. आणि त्या एका मुठीवरून तुम्ही अख्खी गाडी ओली ठरवता."

मग तिनं विचारलं, की आजच बघायला आलात की आधीही कधी आला होतात. आजच, मी म्हणालो. ते खरं होतं. कंडक्टरचं मी सांगितलं नाही. ती मागे बसली आणि आम्ही घरी आलो. सुनंदानं शेतावरून आलेलं भरीत झाकून ठेवलं होतं. ते कोणी खाल्लं नाही.

पुढचे रविवार हर्षाली घरी राहिली. बारावीचा अभ्यास करत होती, माझं म्हणणंही वरवर तेच होतं, की बारावीचं वर्ष आहे, अभ्यास कर. ती विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची, पाणी आणून द्यायची, काही कमी करत नव्हती. घरात माझ्यासमोर वरचा कापूस ठेवला होता, छान, कोरडा, पांढरा. आत हात घालायची माझी हिंमत नव्हती. सुनंदा एकदाच बोलली. तुम्हाला ती फसेल याची भीती होती की फसणार नाही याची, असं तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कपडे वाळत घालायला गेली.

अशाच एका सकाळी पारोळ्याकडचे एक आबा ट्रॉली घेऊन आले. ताडपत्रीचा एक कोपरा फाटलेला मला लांबूनच दिसला. हात सवयीनं तिकडे निघाला आणि मधेच थांबला. काय सुचलं कुणास ठाऊक, मी नानांना म्हटलं, ट्रॉलीकडे पाठ करा आणि सांगा कुठे हात घालू, पुढे, मागे, डावीकडे, कुठेही. नाना म्हणाले, भाऊ, तब्येत बरी आहे ना. पण सांगत गेले. त्यांनी सांगितलं तिथं मी हात घातला, एकदा, पुन्हा, पुन्हा. सगळीकडे मूठ फुलून येत होती. मग शेवटी फाटक्या कोपऱ्यात घातला. तिथं ओलं होतं. दहिवरानं भिजलेलं, कोणी मुद्दाम केलेलं नव्हे. तेवढा कोपरा आम्ही वेगळा काढला, बाकीचा माल कोरड्यात गेला. नेहमीसारखा मी आधी त्या कोपऱ्यात गेलो असतो आणि तिथंच थांबलो असतो. आबा इतका वेळ माझ्याकडे बघत होते. जाताना म्हणाले, "पुढला टाइमले बी असंच पाहज्या, भाऊ." तो टोमणा होता की समाधान, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. बाकी किती ट्रॉल्या मी अशा एका कोपऱ्यावरून ओल्या ठरवल्या असतील, ते मनात येतं आणि मी दुसरं काहीतरी काम काढतो.

एक दिवस रजा टाकून मी एसटीनं धुळ्याला गेलो. मॅडम ग्रंथालयात होत्या. मी चुकलो म्हणालो. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. हर्षाली हुशार आहे, त्या म्हणाल्या, प्रश्न विचारते. मी म्हटलं, ती येईल परत, परीक्षेला बसू द्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. चुकलेल्या रविवारी प्रात्यक्षिकं झाली होती, हजेरी कमी पडत होती. मी विनवलं. चूक माझी आहे, तिची नाही, पाहिजे तर मी तसं लिहून देतो. काय वाटेल ते बोललो.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर मी आज हजेरी भरून टाकली, तर उद्या तुम्हीच म्हणाल, इथं काहीही चालतं. आणि ते खरं असेल. मग बाकीच्या मुलांच्या क्रेडिटला काय अर्थ राहिला?"

एवढी वर्षं दुसऱ्याच्या मालात खोट शोधणारा मी, आज त्यांना थोडी खोट करा म्हणत होतो, आणि त्या करत नव्हत्या. उठताना त्यांनी सांगितलं, की तिला नुसतं वर्गात बसायचं असेल तर दार उघडं आहे. क्रेडिट मिळणार नाहीत.

हे सगळं मी हर्षालीला जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं ती रडेल किंवा चिडेल. तिनं विचारलं, सकाळची पहिली गाडी अजून त्याच वेळेला आहे ना.

ती गेली. क्रेडिट मिळणार नव्हते, कॉलेजला तिच्याकडून काही मिळणार नव्हतं, तरी ती मफलर गुंडाळून जात राहिली आणि मॅडम तिला शिकवत राहिल्या. या देण्याघेण्यात कुठं हात घालावा, मला कळेना. मी दुपारचे फोन बंद केले. कंडक्टर एकदा बाजारात भेटला आणि स्वतः होऊन सांगू लागला, की पोरी येतात-जातात, काळजी करू नका भाऊ. मला खाली बघावं लागलं.

परीक्षेच्या रविवारी मात्र ती घरी होती. अंगणात बसून सुनंदाबरोबर मेथी निवडत होती. संध्याकाळी पूनम प्रश्नपत्रिका घेऊन आली. हर्षालीनं ती ओट्यावर ठेवून, उभ्यानंच, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर सगळी सोडवली. कुकरची शिट्टी होत होती, पूनम शेजारी चहा पीत होती, आणि हिचं पेन थांबत नव्हतं. मी दारात उभा होतो. संपल्यावर विचारलं, बरोबर आलं का?

"कोण तपासणार?" ती म्हणाली. आणि ते पान घडी करून तिनं कुकरखाली ठेवलं, ओटा पोळू नये म्हणून.

आता ती जळगावला आहे. संख्याशास्त्रच घेतलं. पूनमही तिथंच, त्याच वर्गात. म्हणजे धुळ्याच्या कॉलेजला दोघींपैकी कोणीच मिळालं नाही, त्यांचे बाक तसेच राहिले असतील. हे मनात आलं तेव्हा मी मॅडमना फोन करायचं ठरवलं होतं. अजून केलेला नाही. काय बोलायचं, ते जमत नाही. परवा रस्त्यात एका मास्तरांनी सांगितलं, की त्या कॉलेजचे रविवारचे वर्ग यंदाही भरतात. फुकट? मी विचारलं. आणि विचारताना माझा आवाज कसा झाला, ते मला ऐकू आलं. सवय गेलेली नाही. जिनिंगमध्ये मी आता चार-पाच ठिकाणी हात घालतो, मालक वेळ जातो म्हणून कुरकुर करतात. पण चहाच्या टपरीवर सुटे पैसे परत घेताना अजूनही मी प्रत्येक नाणं उलटून बघतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हर्षालीला सोडायला मी स्टँडवर गेलो होतो. जळगावची गाडी लागायची होती. हवेत गारवा आला होता, शेंगा भाजणाऱ्याच्या भट्टीजवळ आम्ही उभे होतो. ती सांगत होती, की पहिल्या सत्रात तो विषय आहेच. तिला सगळं येतं, तरी बसावं लागतं, हजेरीसाठी. त्या तासाला पूनम मोकळी असते. कॉलेजसमोरच्या केंद्रात कॉम्प्युटरचं काहीतरी शिकते. हर्षालीलाही ते शिकायचं होतं, पण तिचा तो तास भरलेला आहे. हे सांगताना तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणून ते मला अधिकच जड वाटलं.

मी विचारलं, "पूनमचे क्रेडिट धरले का शेवटी त्यांनी?"

"धरले."

"सगळे?"

"सगळे, पप्पा."

बरं झालं, मी म्हणालो. ती माझ्याकडे बघत होती. शेंगांचा कागद तिनं दुसऱ्या हातात घेतला.

"धरले नसते तर तुम्हाला बरं वाटलं असतं ना?"

काहीतरीच काय, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तसं म्हणालो असतो तर ती तेही ऐकून घेऊन गाडीत बसली असती. पण तिनं विचारायच्या आधीच, ती 'धरले' म्हणाली तेव्हा, माझ्या आत काहीतरी खट्टू झालं होतं. दुसऱ्याच्या पोरीचं नुकसान झालेलं मला हवं होतं. तेवढ्यासाठी, की माझ्या पोरीचं मी केलेलं नुकसान शहाणपणाचं ठरावं.

"हो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. रागावली नाही, समजूतही घातली नाही. उत्तर पटल्यासारखी नुसती मान हलवली. तेवढ्यात गाडी लागली. गर्दीत शिरून ती वर चढली, खिडकीजवळची जागा धरली आणि पिशवी घ्यायला हात बाहेर काढला. मी पिशवी वर दिली. तिनं ती मांडीवर घेतली, आणि गाडी हलली तशी खिडकीतून वाकून म्हणाली, "या एकदा जळगावला. वर्ग दाखवते माझा. पण सांगून या."